रजेचा पिक्चर

अप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी गंगाखेडच्या बसस्टँडसमोर त्यांचा फलक लागला. चांगला दहा फूट रुंद. मधोमध अप्पा, आणि तेही हसणारे. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'आपली उणीव क्षणोक्षणी भासेल' असं काहीबाही, आणि कोपऱ्यात हात जोडून उभा असलेला शिवराज, त्यांचा एकुलता एक मुलगा, मुक्काम पुणे. मी भाजीची पिशवी घेऊन त्या फलकाखाली उभी राहिले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं मी अप्पांच्या समोरच्या घरात राहतेय. त्या माणसाला असं बत्तीशी दाखवून हसताना मी एकदाही पाहिलेलं नाही. हा फोटो शिवराजच्या लग्नातला. फोटोवाला चार वेळा 'अप्पा, हसा' म्हणाला तेव्हा कुठे निघालेला. अप्पांचा खरा चेहरा चिडका होता, आणि ज्याला तो पाहायचा होता त्यानं घरी यायला पाहिजे होतं.

त्यांचं नाव मन्मथअप्पा. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जी टॉकीज होती, तिथं ते मशीन चालवायचे. ऑपरेटर. टॉकीज आता खताचं गोदाम झाली आहे, पण आत डोकावलं की भिंतीतली ती दोन चौकोनी भोकं अजून दिसतात, ज्यातून पडद्यावर उजेड जायचा. अप्पा लिंगायत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि अंगात पांढरी बंडी, जिच्यावर मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचे काळे डाग. शो सुरू करायच्या आधी ते मशीनलाही विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि मग तिला शिवी द्यायचे. "चल गं म्हशे," म्हणायचे. मशीन चालली तरी शिवी, अडली तरी शिवी. चहा प्यायचे तो डब्याच्या झाकणात. कप दिला तर म्हणायचे, "कप फुटतो बाई. झाकण फुटत न्हाई."

मी इथल्या कन्याशाळेत नोकरीला लागले तेव्हा टॉकीजची उतरती कळा सुरू झाली होती. नवे पिक्चर परभणीला जायचे, आमच्याकडे यायचे जुने, घासलेले, दहा ठिकाणी जोडलेले. त्यातही अप्पांची आवड एकच, मरणाचे आणि घरच्या मायेचे पिक्चर. ज्यात यम रेड्यावर बसून येतो आणि बायको त्याची वाट अडवते. ज्यात मेलेली आई तान्ह्याचा पाळणा हलवायला येते, आणि पाळणा आपोआप हलताना बघून आजीची बोबडी वळते. ढगांचा धूर, कापसाचा स्वर्ग, चिकटवलेल्या मिशा. मी सुशिक्षित बाई, मला हसू यायचं. एकदा मी त्यांना विचारलंच, की अप्पा, तुमच्यात तर यम, पिंड, कावळा काही नसतं, मग तुम्हाला हे कशाला आवडतं?

"आमच्यात यम येत न्हाई, खरंय," अप्पा म्हणाले. "आमचं माणूस लिंगैक्य हुतं. बसून जातं, बसूनच मातीत जातं. यमाचं आमाला काय काम? पर बाई, ह्याच पिक्चरात मेलेलं माणूस घरच्यायशी बोलतं. दुसऱ्या पिक्चरात जितीबी बोलत न्हाईत."

त्यातला एक पिक्चर मात्र त्यांचा जीव की प्राण. खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, सगळं गाव त्याला 'रजेचा पिक्चर' म्हणायचं. गोष्ट साधी. एक आई मरते. वर जाऊन यमाशी हुज्जत घालते, की पोरांना जेवायला न वाढता तू मला आणलंस, मला माघारी पाठव. यम वैतागून तिला एका दिवसाची रजा देतो, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. अट एकच, आपण कोण ते सांगायचं नाही. ती कासारीण होऊन आपल्याच दारात बांगड्या विकायला येते. नवरा ओळखत नाही, थोरला ओळखत नाही. धाकटी पोरगी तेवढी तिच्या मागं मागं फिरते. चुलीपाशी बसून आई भाकरी थापते, सगळे जेवतात, बाहेर ऊन उतरतं, टॉकीजमध्ये हुंदके सुरू होतात.

आणि तिथं अप्पा मशीन बंद करायचे. शेवटचं रीळ लावायचेच नाहीत. सगळ्या लाईटी भक्कन लागायच्या आणि 'सायकल स्टँडवरची अमुक सायकल हलवा' सांगायचा जो कर्णा होता, त्यातून अप्पांचा आवाज यायचा.

"रडायलात? रडा. पडद्यावरच्या मायसाठी टावेल भिजवा. घरी जित्ती माय भाकर घिऊन बसली, तिला इचारलं का कव्हा, तू जेवलीस का मनून? ए संभा, तुझा बाप वसरीत खोकायलाय सहा महिने झाले, त्याला दवाखाना दावला का? लय रडतूस रं! ऊठ, घरी जा. पिक्चर खतम!"

नावं घेऊन बोलायचे. लोक खवळायचे, शिट्ट्या मारायचे, एकदा तर कुणीतरी पडद्यावर चप्पल भिरकावली. मालकानं अप्पांना किती वेळा तंबी दिली याला गणती नाही. पण दुसरा ऑपरेटर मिळत नव्हता, आणि खरं म्हणजे लोक शिव्या देत देत दर वर्षी पुन्हा यायचे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या गाड्या भरून निघायच्या. त्यांच्यासाठी अप्पा दुपारी तीनचा हा खेळ लावायचे आणि दाराशी उभे राहून दटावायचे, की मागं ठेवून जाणाऱ्या म्हाताऱ्याला सोबत आणलं तरच आत सोडीन. सहा महिने ज्यांचं तोंड दिसणार नव्हतं ते मायबाप लेकाशेजारी बाकावर बसायचे. मुकादम बाहेर ट्रकचा हॉर्न वाजवत राहायचा. अप्पा म्हणायचे, "वाजव. ऊस कुटं पळून जायला न्हाई."

शेवटचं रीळ का लावत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी नाही सांगितलं, त्यांच्या बायकोनं सांगितलं. ती शिवराज चौथीत असताना वारली, तिच्या आजारपणात मी पेज घेऊन जायची तेव्हा बोलता बोलता सांगितलं. अप्पांची आई पोखर्णीला असायची. एका दुपारी गावाकडून माणूस निरोप घेऊन आला, की म्हातारी जायला लागलीय, मन्मथला पाठवा. अप्पा वर हाच पिक्चर चालवत होते. खेळ बंद पडू नये म्हणून मालकानं तो निरोप पिक्चर संपेपर्यंत पोटातच ठेवला. वर केबिनमध्ये अप्पा पडद्यावरच्या आईला निरोप देत होते आणि खाली ऑफिसात त्यांच्या आईचा निरोप अडकून पडला होता. अप्पा पोखर्णीला पोचले तेव्हा माती लोटून झाली होती. आईचं तोंड दिसलं नाही. त्या मालकाला मी पुढं पाहिलं, देवळात टाळ वाजवताना. मला त्याच्या हातातून टाळ हिसकावून घ्यावेसे वाटले. अप्पा मात्र त्याच्याकडेच नोकरी करत राहिले. त्यानंतर ते रीळ त्यांनी कधी मशीनवर चढवलं नाही, एवढंच.

त्या रागात त्यांच्या हातून एक चूकही झाली, तीही सांगायला हवी. असंच एका दसऱ्यानंतर त्यांनी कर्ण्यातून गोदाकाठच्या एका खेड्यातल्या माणसाचं नाव घेतलं. "तुझी माय उपाशी हाय न्हवं रं? तू इथं नाक शिंकरायलास." तो माणूस बाकावरून उठला. हळू आवाजात म्हणाला, "गेली अप्पा. पंदरा दिस झाले."  कर्ण्यातून नुसती खरखर येत राहिली. अप्पा खाली आले, त्या माणसासमोर उभे राहिले, आणि सगळ्यांदेखत त्याच्या पायाला हात लावला. तो बिचारा मागं मागं सरकत होता.

त्यानंतर अप्पांनी नवा कायदा काढला. रजेच्या पिक्चरला तिकीट कुठलंही असो, दाराशी एकच प्रश्न. "मायबाप हायत का?" दोघांपैकी एक जरी असेल तर खाली बाकावर, पडद्यासमोर, शिव्या खायला. दोघंही नसतील तर जिन्यानं वर, बाल्कनीत. बाल्कनीतल्या माणसाला अप्पा एक शब्द बोलायचे नाहीत. उलट मध्यंतरात त्यांना स्वतः पाणी नेऊन द्यायचे. गावात मग तशी बोलायची पद्धतच पडली. कुणाची आई किंवा बाप, जे उरलं होतं ते गेलं, की लोक म्हणायचे, "बाल्कनीत गेला बिचारा."

एकदा माझाही नंबर लागला. माझे वडील लवकर गेलेले, आई मानवतला भावाकडे. लाईटी लागल्या आणि कर्णा बोलला, "बाई, तुमी तर शिकलेल्या. मानवतला यष्टी जाती का न्हाई? माय हाय न्हवं तिथं? पोळ्यापासून गेल्या न्हाईत तुमी, मी समोर राहतो, मला दिसतं." माझ्या वर्गातल्या चार मुली शेजारी बसलेल्या. लाजेनं आणि संतापानं मी तडक बाहेर पडले. घरी जाताना अप्पांच्या दाराकडे बघितलं सुद्धा नाही. हा कोण टिकोजी मला शिकवणारा?

दुसऱ्या दिवशी मानवतची पहिली बस धरली. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघितलं आणि तिच्या हातातलं सूप पडलं.

"काय झालं? जावईबापू बरे हायत ना?"

"काही नाही झालं. तुला भेटायला आले."

"खरं सांग. कोन गेलं?"

तिला पटेचना. कुणी मेल्याशिवाय लेक अचानक येते, हे तिच्या डोक्यात बसतच नव्हतं, आणि ते तसं माझ्यामुळेच झालं होतं. अर्धा दिवस ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी अप्पांवर रागावून गेले होते, येताना स्वतःवर रागावून आले. नंतर मी दर महिन्याला जात राहिले. तीन वर्षांनी आई गेली. त्या दसऱ्यानंतर मी सवयीनं खालच्या दाराशी गेले. अप्पांनी मला काही विचारलं नाही. नुसतं जिन्याकडे बोट केलं. मध्यंतरात पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून गेले.

शिवराज या सगळ्यात वाढला. आई गेल्यावर तर तो शाळेतून सरळ केबिनमध्येच यायचा. रिळांच्या डब्यांवर त्याचा अभ्यास चालायचा. कॉलेजात गेल्यावर दसऱ्याच्या खेळाला दाराशी तोच उभा राहायचा, "मायबाप हायत का?" विचारत लोकांना खाली-वर करायचा. हुशार पोरगा. वाईट नाही, हे मी रागातसुद्धा मान्य करते. पुण्याला मोठ्या कंपनीत लागला, लग्न केलं, फ्लॅट घेतला. अप्पांना बोलवायचा. अप्पा एकदा गेले आणि आठव्या दिवशी परत आले. "सगळे आपापल्या खोलीत. मी काय भित्तीशी बोलू?" म्हणाले.

मग शिवराजचं येणं कमी होत गेलं. दिवाळीला काम, महाशिवरात्रीला परदेशचे पाहुणे, मार्चमध्ये मार्च. दर रविवारी फोन मात्र न चुकता. एका वर्षी यायच्या ऐवजी भिंतीएवढा टीव्ही आला. बसवायला आलेल्या माणसालाच अप्पांनी चहा पाजला, जेवू घातलं आणि टीव्हीवर बायकोचं जुनं लुगडं टाकून ठेवलं. पुढं शिवराजला कुठंतरी तो रजेचा पिक्चर सापडला. त्यानं अप्पांच्या मोबाईलवर पाठवला आणि मोठ्या आनंदानं फोन केला, की अप्पा, आता शेवटही बघा, पूर्ण आहे. मी तिथंच बसले होते.

"शेवट मला ठावं हाय," अप्पा म्हणाले. "दिवा लागतो, माय उठती, पोरगी पदर धरती, पदर तेवढा हातात ऱ्हातो. लोक डोळे पुसतेत आन जीव हलका करून घरी जातेत. मला न्हाई बघायचा. तू ये."

"रजा मिळत नाही हो अप्पा."

फोन ठेवून अप्पा माझ्याकडे वळले.  "बघा बाई. यमाच्या दारात मेलेल्याला रजा मिळती. पुण्यात जित्याला मिळंना."

गेल्या पाडव्याला शिवराज येणार म्हणजे येणार होता. अप्पांनी आदल्या दिवशी ओटा सारवून घेतला. सकाळी न्हाऊन, विभूती लावून, धुतलेली बंडी घालून ते लाकडी खुर्ची घेऊन ओट्यावर बसले. गुढी उभारली, ऊन चढलं, गल्लीतली पोरं गाठ्या खाऊन पांगली. अप्पा खुर्चीतच. दुपारी फोन वाजला. मी माझ्या दारातून बघत होते. अप्पा एवढंच म्हणाले, "हौ. हौ. काम बघ बाबा." ना शिवी, ना आरडाओरडा. मला हाक मारली. "बाई, चहा पिऊन जावा. दोघांचा केलता." मी गेले. त्यांनी मला कपात दिला, नवा कप होता, आणि स्वतः झाकणात घेतला. मी शिवराजला चार शब्द सुनावते म्हटलं तर हात हलवून नको म्हणाले. मग म्हणाले, "बाई, मी गेलो तर मला आडवं ठिवू देऊ नका. आमच्यात बसवतेत. पोरानं बसवावं असं लय वाटतं, पर पोरासाठी ताटकळत आडवं ठिवू नका."

वैशाखात, सकाळी सात वाजता, ते गेले. न्हाणीतून येऊन खाटेवर टेकले ते टेकलेच. शिवराजला मीच फोन केला. तो ओक्साबोक्शी रडला. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला, "बाई, मी निघालोच. रजा मिळाली, चार दिवसांची. मेसेज टाकला, लगेच मिळाली."

मी फोन ठेवून दिला. बोलले असते तर वाईट बोलले असते.

तेवढ्यात अप्पांच्या समाजाचे स्वामी आले, चार जाणते आले. स्वामी म्हणाले, अंग आखडायच्या आत बसवलं पाहिजे, नंतर जमत नाही. तोवर शिवराजचा पुन्हा फोन. "बाई, परभणीहून शीतपेटी निघालीय, मी सांगितलंय. अप्पांना त्यात ठेवा. मी आल्यावर सगळं नीट करू."

"शिवराज, पेटीत माणूस आडवं राहतं."

"फक्त आठ तास, बाई."

"आठ तासांनी ते बसणार नाहीत."

"मला माझ्या हातानं करू द्या ना! एवढं तरी!"

स्वामी माझ्याकडे बघत होते, खोलीतले सगळे बघत होते. पोराची विनवणी एका कानात, आणि ओट्यावरचं अप्पांचं बोलणं दुसऱ्या. मी म्हटलं, "नाही," आणि फोन ठेवला. शीतपेटीची गाडी दारातूनच परत पाठवली. गल्लीतल्या लोकांनी अप्पांना आंघोळ घातली, मांडी घालून भिंतीशी बसवलं, कपाळभर विभूती फासली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. त्यांत तो गोदाकाठचा माणूसही होता, ज्याच्या पायाला अप्पांनी हात लावला होता. निरोप कळताच मिळेल त्या गाडीनं आला होता. अप्पांची मान सावरून धरली ती त्यानंच.

शिवराज चार वाजता पोचला. दारात गाडी थांबायच्या आत उतरला, आत आला आणि बसलेल्या बापाला बघून किंचाळला. "माझ्यासाठी का नाही थांबलात? तुम्ही कोण ठरवणाऱ्या? माझा बाप होता!" मग अप्पांच्या मांडीवर डोकं घालून रडायला लागला. एवढा रडला की बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. "अप्पा, बोला ना. अप्पा, एकदा बोला." अगदी पिक्चरमधल्यासारखं. आणि माझ्या आत कुणीतरी भक्कन लाईट लावली.

"शिवराज, ऊठ," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला होता की बाहेरचे लोक दारात आले. "बोलायचे तेव्हा तुला रजा नव्हती. आता ऊठ. तुझी जागा आता बाल्कनीत."

 दुसऱ्या कुणाला हे वाक्य नुसतं कठोर वाटलं असतं. पण शिवराज त्या दाराशी उभा राहिलेला पोरगा. त्यानं शेकडो लोकांना तो जिना दाखवला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि रडणं एकदम थांबलं. हळूच उठला आणि भिंतीच्या कडेला जाऊन सगळ्यांच्या मागं उभा राहिला.

मी असं बोलायला नको होतं, असं माझे यजमान म्हणतात. गल्लीही म्हणते. असेल. मला अजून त्याचा पस्तावा वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की मध्यंतरात पाणी द्यायचं असतं, हे मी विसरले. त्या दिवशी शिवराजला मी घोटभर पाणीसुद्धा विचारलं नाही. अप्पांनी विचारलं असतं.

ऊन उतरायच्या बेताला अप्पांना फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवून नेलं. मी ओट्यावरून बघत होते. पुढं भजन, मागं माणसं, आणि सगळ्यांच्या डोक्यांच्या वर अप्पा, मांडी घालून, तोंड समोर. खुर्चीच्या एका दांड्याला शिवराजनं खांदा दिला होता. गल्लीच्या टोकाला टॉकीजसमोर खताचा ट्रक रिकामा होत होता, म्हणून सगळे जरा थांबले. अप्पांची पाठ माझ्याकडे होती आणि तोंड त्या दोन चौकोनी भोकांकडे. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. कुणीही हललं नाही. मग ट्रक मागं सरला आणि ते नदीकडच्या उतारावर दिसेनासे झाले. आमच्या गल्लीत दिवे लागायला लागले होते.